एकही मत न पडता

४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल जाहीर झाले आणि भारतीय जनता पक्षाची गाडी २४० जागांवर थांबली. दहा वर्षांनंतर प्रथमच देशाने एका पक्षाला निर्भेळ बहुमत नाकारले होते. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीच्या पदरात पडल्या आणि खुद्द कोल्हापुरात शाहू छत्रपती काँग्रेसच्या वतीने निवडून आले. कार्यकर्त्यांनी गुलाल उधळला, आणि त्यात गैर काही नव्हते. पण त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत, तोच संसदेच्या दुसऱ्या सभागृहात नेमकी उलट घटना घडली. २७ ऑगस्ट २०२४ रोजी नऊ राज्यांतील राज्यसभेच्या १२ जागांची पोटनिवडणूक बिनविरोध पार पडली आणि त्यांपैकी ११ जागा सत्ताधारी आघाडीच्या वाट्याला आल्या. आठ जागा रिकाम्या असल्याने त्या दिवशी सभागृहाची संख्या २३७ होती व बहुमताचा आकडा ११९. भाजपचे ९६, मित्रपक्षांसह ११२, सहा राष्ट्रपतिनियुक्त सदस्य आणि एक अपक्ष अशी बेरीज केली की बरोबर ११९ होतात. देशाच्या वरिष्ठ सभागृहाचा ताबा बदलला आणि त्यासाठी कोठेही एक मतपत्रिका पेटीत पडली नाही. गुलाल उधळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याची खबर होती.

सभागृहाचा ताबा बदलतो तो असाच, गाजावाजा न होता. अमेरिकेत सिनेटचे बहुमत फिरले की रात्रभर दूरचित्रवाणीवर आकडे नाचतात, कारण १९१३ सालच्या सतराव्या घटनादुरुस्तीपासून तेथील सिनेटर थेट जनता निवडते. आपल्याकडे राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात, दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात, आणि त्यामुळे या सभागृहातील सत्तांतर हे कोणा एका निवडणुकीचे फळ नसते. निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या वर्षी झालेल्या विधानसभा निवडणुकांचे ते साचत गेलेले फळ असते. म्हणूनच २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेत प्रचंड बहुमत असूनही केंद्र सरकारला राज्यसभेत अडखळावे लागले आणि म्हणूनच २०२४ साली लोकसभेत बळ घटलेल्या त्याच सरकारचे बळ राज्यसभेत वाढले. एका सभागृहात मतदाराचा आजचा कौल उमटतो. दुसऱ्यात कालचा आणि परवाचा.

मात्र २७ ऑगस्टच्या प्रकारात याहून वेगळी एक गोम होती. ज्या १२ जागांची निवडणूक झाली, त्यांपैकी १० जागा राज्यसभेचे सदस्य लोकसभेवर निवडून गेल्यामुळे रिकाम्या झाल्या होत्या. राजस्थानच्या जागेवर असलेले के. सी. वेणुगोपाल केरळमधून लोकसभेत गेले, हरियाणाचे दीपेंद्र हुड्डा रोहतकमधून गेले, बिहारच्या मीसा भारती पाटलिपुत्रमधून गेल्या. तिघांच्याही रिकाम्या झालेल्या जागा विरोधी पक्षांनी गमावल्या. राजस्थानातून निवडून आले पंजाबचे रवनीतसिंग बिट्टू, जे त्याच वर्षी लुधियानात लोकसभेला पराभूत झाले होते. हरियाणातून निवडून आल्या किरण चौधरी, ज्या जूनपर्यंत काँग्रेसच्या आमदार होत्या. लोकसभेत जिंकल्याची किंमत विरोधी पक्षांनी राज्यसभेत मोजली. हा हिशेब उमेदवारी देतानाच कोणी केला होता की नाही, हे त्या त्या पक्षांच्या धुरिणांना ठाऊक.

येथे थोडे गणित अपरिहार्य आहे. राज्यसभेची नियमित निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने होते. सहा जागा एकत्र भरायच्या असतील तर ज्या पक्षाकडे विधानसभेच्या सातव्या हिश्श्याहून थोडी अधिक मते आहेत, त्याला एक जागा मिळतेच. बहुसंख्याकांना सर्व जागा गिळता येत नाहीत. घटनाकारांना हेच अभिप्रेत होते. पण एकच जागा भरायची असेल तर प्रमाणशीर पद्धत नावापुरतीच उरते. निम्म्याहून एक मत अधिक असणारा ती जागा घेऊन जातो. एकाच राज्यात दोन जागा मुदतीपूर्वी रिकाम्या झाल्या तर निवडणूक आयोग त्या प्रत्येकीसाठी स्वतंत्र निवडणूक घेतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमध्ये दोन जागा होत्या. त्या एकत्र भरल्या असत्या तर विधानसभेत एकतृतीयांशाहून अधिक बळ असलेल्या विरोधी आघाडीला एक जागा मिळणे भाग होते. त्या स्वतंत्रपणे भरल्या गेल्या आणि दोन्ही सत्ताधारी आघाडीकडे गेल्या. गुजरातमध्ये २०१९ साली अमित शहा व स्मृती इराणी यांच्या रिकाम्या झालेल्या जागांबाबत हाच वाद उपस्थित झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला व निवडणूक याचिकेचा मार्ग दाखवला. अशी प्रत्येक रिकामी जागा स्वतंत्र असते, हे आयोगाचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही. परंतु प्रमाणशीर प्रतिनिधित्व हा ज्या सभागृहाचा पाया, तेथे पोटनिवडणुकीच्या वाटेने बहुमताचा नियम शिरतो आणि मोक्याच्या क्षणी ताबाच पालटतो, ही गोष्ट तांत्रिक नाही.

महाराष्ट्रातूनही त्या दिवशी दोघे बिनविरोध गेले. त्यांपैकी एक धैर्यशील पाटील. पेण मतदारसंघातून ते शेतकरी कामगार पक्षाचे आमदार होते. २०२३ साली त्यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. एका व्यक्तीच्या पक्षांतराबद्दल येथे तक्रार मांडायची नाही. पण डाव्या चळवळीने ज्यांना विधानसभेत पोहोचवले, त्यांची वरिष्ठ सभागृहात जाण्याची वाट आता कोणत्या दारातून जाते, याचा विचार प्रत्येक डाव्या व समाजवादी कार्यकर्त्याने एकदा शांतपणे करावयास हवा.

कोल्हापूरकरांना या साऱ्या व्यवहाराचे दर्शन त्यापूर्वी दोन वर्षे अगदी जवळून घडले होते. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातील सहा जागांसाठी निवडणूक झाली. उमेदवार सात. खरी लढत होती ती सहाव्या जागेसाठी, आणि त्या जागेचे दोन्ही दावेदार कोल्हापूरचे: शिवसेनेचे जिल्हाप्रमुख संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक, जे २०१४ ते २०१९ या काळात राष्ट्रवादी काँग्रेसचे कोल्हापूरचे खासदार होते. त्याआधी याच जागेसाठी तिसरे कोल्हापूरकर, संभाजीराजे छत्रपती, अपक्ष म्हणून उभे राहू पाहत होते. २०१६ पासून ते राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. शिवसेनेने त्यांना पक्षात येण्याची अट घातली, त्यांनी ती मानली नाही व माघार घेतली. पेठापेठांतून तेव्हा या विषयाची चर्चा रंगली होती. पण ती व्यक्तींविषयी होती, गादीच्या मानाविषयी होती, कोणी कोणाला शब्द दिला होता याविषयी होती. राज्यसभा नावाच्या संस्थेचे काय होणार, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच आला.

मतमोजणी ११ जूनच्या पहाटेपर्यंत लांबली. सभागृहाच्या २८८ जागांपैकी एक रिकामी होती. अनिल देशमुख व नवाब मलिक हे दोन आमदार कारागृहात होते आणि न्यायालयाने त्यांना मतदानाची परवानगी दिली नाही. शिवसेनेचे सुहास कांदे यांचे मत, मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवर आक्षेप आल्याने, बाद ठरले. उरली २८४ मते. प्रत्येक मताचे मूल्य १००, म्हणून एकूण २८,४००; त्याला सातने भागून एक मिळवला की ४,०५८, म्हणजे ४०.५८ मतांचा कोटा. पहिल्या पसंतीची मते पाहिली तर संजय पवार यांना ३३ आणि महाडिक यांना २७. वरकरणी पवार सहा मतांनी पुढे. पण पीयूष गोयल व अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते देऊन भाजपने जो अधिशेष राखला होता, तो दुसऱ्या पसंतीने महाडिक यांच्याकडे वळला आणि त्यांची बेरीज ४१.५६ झाली. महाविकास आघाडीच्या इतर तीन उमेदवारांचा अधिशेष मिळूनही पवार ३९.२६ वर राहिले. फरक २.३० मतांचा. मतपेटीपर्यंत पोहोचू न शकलेली व बाद झालेली मते तीन.

आकड्यांत आणखी खोल गेले तर चित्र अधिक स्पष्ट होते. भाजपचे स्वतःचे आमदार १०६. त्यांच्या तीन उमेदवारांना मिळून पहिल्या पसंतीची १२३ मते पडली. ही १७ जादा मते अपक्षांची आणि लहान पक्षांची, म्हणजे जे आमदार कोणत्याही मोठ्या पक्षाच्या शिस्तीत नाहीत त्यांची. चार जागांसाठी महाविकास आघाडीला १६२ हून थोडी अधिक मते हवी होती, पडली १६१. दीड मताहून कमी तूट. सत्ता हाती असलेल्या आघाडीला अपक्षांची जुळवाजुळव करता आली नाही, आणि दहा दिवसांनी, २० जूनला, विधान परिषदेच्या निवडणुकीत गुप्त मतदानाने ते भगदाड अधिकच रुंदावले. २१ जूनला एकनाथ शिंदे यांचे बंड उघड झाले आणि महिनाअखेरीस सरकार गेले. राज्यसभेची निवडणूक ही त्या साऱ्याची नांदी होती, हे आता मागे वळून पाहताना कोणालाही दिसते. त्या वेळी ते दिसले नाही, कारण राज्यसभेची निवडणूक म्हणजे पुढाऱ्यांची सोय लावण्याचा सोहळा, असा आपला सर्वांचा समज.

आता कोल्हापूर जिल्ह्याचाच विचार करा. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील दहा जागांपैकी भाजपला एकही मिळाली नव्हती. १२ एप्रिल २०२२ रोजी कोल्हापूर उत्तरची पोटनिवडणूक झाली, तीही काँग्रेसने जिंकली. त्या दिवशी मंगळवार पेठेत वा शिवाजी पेठेत रांगेत उभ्या असलेल्या मतदाराला कोणी सांगितले होते काय, की तुम्ही निवडून द्याल तो आमदार आठ आठवड्यांत राज्यसभेसाठी मत देणार आहे? प्रचारात रस्ते होते, पंचगंगेचे प्रदूषण होते, हिंदुत्व होते, सहानुभूती होती. दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहाचा उल्लेख कोणाच्या भाषणात आला असेल तर तो अपवादच. भाजपचा एकही आमदार नसलेल्या जिल्ह्यातील भाजपचा उमेदवार राज्यसभेवर गेला. यात बेकायदेशीर काही नाही. खासदार राज्याचा असतो, जिल्ह्याचा नसतो. पण मतदाराने दिलेले मत आणि त्यातून अखेर निघालेला निर्णय यांच्यामधली वाट किती काळोखी आहे, ते यावरून कळते.

समाजवादी चळवळीला या सभागृहाविषयी कधीच फारसे प्रेम वाटले नाही, हे मान्य केले पाहिजे, आणि त्याला कारणेही होती. ५ सप्टेंबर १९७० हा दिवस आठवावा. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केले होते. राज्यसभेत बाजूने १४९ मते पडली, विरुद्ध ७५. दोनतृतीयांश बहुमताला १४९.३३ मते लागत होती. मताच्या एकतृतीयांश अंशाने विधेयक पडले. १९४९ साली विलीन झालेल्या कोल्हापूर संस्थानातील जुन्या कार्यकर्त्यांना, ज्यांनी प्रजापरिषदेच्या काळापासून संस्थानी विशेषाधिकारांविरुद्ध आवाज उठवला होता, त्या अपूर्णांकाचा किती संताप आला असेल याची कल्पना करता येते. तनखे अखेर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेले, पण त्याआधी मध्ये एक सार्वत्रिक निवडणूक व्हावी लागली. पुढे १९७८ साली जनता सरकारने आणीबाणीची पुनरावृत्ती टाळण्यासाठी चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती आणली, तेव्हा काँग्रेसचे बळ असलेल्या राज्यसभेने तिच्यातील पाच कलमे गाळली. घटनेच्या मूलभूत गाभ्यात बदल करावयाचा तर जनतेचा कौल घ्यावा, ही तरतूद त्यांत होती. ती राहिली असती तर पुढील अनेक वादांना वेगळे वळण लागले असते.

तेव्हा या सभागृहाकडे वसुली अडवणारा जुना मुनीम म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली. त्याला वळवण्यासाठी जे मार्ग वापरले गेले, तेही निर्मळ नव्हते. एप्रिल १९७७ मध्ये जनता सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या; लोकसभेतील पराभवानंतर तेथील सरकारांना जनाधार उरला नाही, असा युक्तिवाद होता. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या आणि फेब्रुवारीत त्यांनी त्याच युक्तिवादाने नऊ विधानसभा बरखास्त केल्या. त्यांत महाराष्ट्राचीही विधानसभा होती, शरद पवार यांचे पुलोद सरकार त्यात गेले. राज्यसभेची द्वैवार्षिक निवडणूक तोंडावर आली होती, हे तेव्हा जाणकारांच्या नजरेतून सुटले नव्हते. १९८० चा निषेध करताना १९७७ विसरणे सोयीचे असते. सोयीचे असले तरी ते प्रामाणिकपणाचे नाही.

पण त्याच सभागृहाने नंतर काय अडवले, तेही पाहावे लागेल. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधितांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास आवश्यक केला. २०१५ साली केंद्र सरकारने पाच प्रकारच्या प्रकल्पांना यातून सूट देणारे विधेयक लोकसभेत मंजूर करून घेतले. राज्यसभेत बहुमत नव्हते. तीनदा वटहुकूम निघाला, तिसरा ३१ ऑगस्ट २०१५ रोजी व्यपगत झाला आणि विधेयक बारगळले. पुढे गुजरातसारख्या राज्यांनी आपल्यापुरती ती सूट मागील दाराने आणली, हे खरे; तरीही देशव्यापी कायदा वाचला, तो राज्यसभेतील आकड्यांमुळे. कोल्हापूरच्या ज्या शेतकऱ्यांनी २०२४ साली शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाविरुद्ध रान उठवले, त्यांना बाधितांच्या संमतीला किती मोल असते, ते सांगावयास नको.

यानंतरचा इतिहास वेगाने बदलला. ऑगस्ट २०१७ मध्ये भाजप राज्यसभेतील सर्वांत मोठा पक्ष झाला. जून २०१९ मध्ये तेलुगु देसमचे चार सदस्य एकगठ्ठा त्यात सामील झाले. जुलै २०१९ मध्ये माहिती अधिकार कायद्यातील दुरुस्ती प्रवर समितीकडे पाठवण्याची सूचना ७५ विरुद्ध ११७ अशी पडली. सरकारचे स्वतःचे बहुमत तेव्हाही नव्हते. काही प्रादेशिक पक्षांनी ते पुरवले. आणि मग २० सप्टेंबर २०२०. कृषी विधेयकांवर विरोधी सदस्यांनी मतविभाजनाची मागणी केली, ती मानली गेली नाही, आवाजी मतदानाने विधेयके मंजूर झाल्याचे घोषित झाले. आसनावर उपसभापती हरिवंश होते, चंद्रशेखर यांच्या सहवासात घडलेले, समाजवादी परंपरेशी नाते सांगणारे पत्रकार. ही आठवण उगाळण्यात आनंद नाही. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, विरोधकांनी बहिष्कार घातला आणि २३ सप्टेंबरला त्या मोकळ्या बाकांसमोर तीन श्रमसंहिता मंजूर झाल्या.

कृषी कायदे शेतकऱ्यांनी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसून परतवले. श्रमसंहिता परतल्या नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. कारखाना बंद वा कामगारकपात करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होते, ते आता ३०० कामगारांपासून सुरू होते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील ओतशाळा आणि यंत्रभागांचे कारखाने डोळ्यांसमोर आणले की यातील किती या रेषेच्या खाली येतात, ते कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला बोटांवर मोजून सांगता येईल. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाच्या शेडमधील कामगार तर जुन्या रेषेच्याही खालीच होता. राज्यसभा ही दिल्लीतील दूरची वास्तू नाही, हे पटवून देण्यास याहून वेगळे उदाहरण लागू नये.

सभागृह जिंकता येत नाही तेव्हा त्याला वळसा घालण्याची युक्तीही याच काळात रूढ झाली. धनविधेयकावर राज्यसभेला फक्त शिफारशी करता येतात. २०१६ साली आधार विधेयक धनविधेयक म्हणून आणले गेले. २०१७ च्या वित्त विधेयकाच्या पोटात निवडणूक रोखे आले. राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने दोन्ही वेळा फेटाळल्या. रोखे घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला, तोवर सात वर्षे गेली होती आणि त्या पैशावर कितीतरी निवडणुका लढवून झाल्या होत्या. म्हणजे आधी रोख्यांनी पक्षांना पैसा पुरवला, त्या पैशाने विधानसभा लढवल्या गेल्या, आणि त्या विधानसभांनी राज्यसभा भरली. अर्थशास्त्रात यालाच चक्रवाढ म्हणतात.

पण सगळा दोष एका पक्षावर ढकलून मोकळे होता येणार नाही. राज्यसभेतील सदस्य ज्या राज्यातून निवडून येतो, तेथील तो मतदार असला पाहिजे ही अट २००३ साली काढून टाकण्यात आली. तेव्हा सरकार वाजपेयींचे होते, पण काँग्रेसलाही ती सोय हवीच होती. कुलदीप नय्यर यांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. २००६ साली घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. तेव्हापासून राज्ये ही पक्षश्रेष्ठींच्या माणसांची बसण्याची बाके झाली आहेत. २०२२ च्या त्याच निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रातून उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी यांना पाठवले. त्यांच्या योग्यतेचा हा प्रश्न नाही. कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचा, ऊसदराचा, सीमाभागाचा प्रश्न ज्यांनी अनुभवला आहे असा माणूस महाराष्ट्राच्या १९ जागांपैकी एकीवर नसावा आणि दिल्लीच्या सोयीचा असावा, हा तो प्रश्न आहे. राज्यांचे सभागृह राज्यांचे उरले नाही तर त्याचा ताबा कोणाकडे गेला याला राज्यांच्या दृष्टीने अर्थच उरत नाही.

त्याच दुरुस्तीने मतदान खुले केले. पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. हेतू घोडेबाजार थांबवण्याचा होता. परिणाम असा झाला की मोठ्या पक्षांचे आमदार बहुधा बांधले गेले आणि बाजार अपक्षांकडे सरकला, कारण अपक्षाला मतपत्रिका दाखवण्यास कोणी प्रतिनिधीच नाही. शिवाय पक्षादेश मोडून मत दिल्यास आमदारकी जात नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात काँग्रेसच्या सहा आमदारांनी उघडपणे विरुद्ध मत दिले. अभिषेक मनु सिंघवी व हर्ष महाजन यांना ३४-३४ मते पडली आणि निकाल चिठ्ठीवर लागला. खुल्या मतदानाने लाज वाटेल ही अपेक्षा होती. लाज हा कायद्याने निर्माण होणारा गुण नव्हे.

यावर काहीजण अमेरिकेप्रमाणे थेट निवडणुकीचा उपाय सुचवतात. तेथेही १९१३ पूर्वी राज्यांची विधिमंडळेच सिनेटर निवडत आणि लाचखोरीच्या व रेंगाळलेल्या निवडणुकांच्या कंटाळ्यातूनच बदल झाला, हे खरे. पण आपल्याकडे थेट निवडणूक म्हणजे लोकसभेची दुसरी प्रत, आणि तीही अधिक मोठ्या मतदारसंघांची, म्हणून अधिक पैशाची. समाजवादी पक्षाने त्या वाटेला जाऊ नये. मागणी करावी ती रहिवासाची अट परत आणण्याची, आणि एका राज्यातील रिकाम्या जागा शक्य तेथे एकत्र भरण्याची. दोन्हींसाठी घटना बदलावी लागत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील दुरुस्ती पुरते. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडल्या गेलेल्या एकत्रित निवडणुकांच्या विधेयकाला विरोध करतानाही हा मुद्दा पुढे आणला पाहिजे. खर्च वाचेल की वाढेल, यावरच चर्चा अडकली आहे. खरी हानी निराळी आहे. सर्व विधानसभा लोकसभेबरोबर एकाच लाटेत निवडल्या गेल्या तर राज्यसभेत उमटणारा कालचा आणि परवाचा कौल हा आजच्याच कौलाची सावली ठरेल, आणि सभागृह दोन असूनही एकच राहील.

राहिला आपला स्वतःचा हिशेब. एके काळी कोल्हापुरातून एन. डी. पाटील आणि गडहिंग्लजमधून श्रीपतराव शिंदे विधानसभेत गेले. त्या काळात राज्यसभेसाठी मत देताना डाव्या आमदाराचा शब्द विकत घेता येत नाही, अशी त्यांची ख्याती होती. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूर जिल्ह्यातील दहापैकी एकाही जागेवर महाविकास आघाडीचा उमेदवार निवडून आला नाही, मग डाव्यांची गोष्ट दूरच. त्याच वर्षी १२ जुलैला विधान परिषदेच्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पराभूत झाले. मित्रपक्षांच्या शिल्लक मतांवर विसंबून राहिल्याचे ते फळ. शिल्लक मते कोणाच्या कामी येतात, हे १० जून २०२२ च्या रात्री दिसले होतेच. विधानसभेत पाच-सात आमदार असल्याशिवाय राज्यसभेच्या बाबतीत आपल्या ठरावांना कागदापलीकडे किंमत नाही, आणि ते पाच-सात आमदार दिल्लीत मिळत नाहीत. ते राधानगरी, करवीर, शिरोळ, चंदगड येथे मिळतात.

तोवर एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. विधानसभेसाठी आपला पाठिंबा मागण्यास जो कोणी उमेदवार येईल, मग तो आघाडीचा असो वा अपक्ष, त्याच्याकडून ऊसदर आणि पाणी यांच्या जोडीने आणखी एक लेखी उत्तर मागावे: येत्या पाच वर्षांत राज्यसभेच्या किमान दोन निवडणुका होतील, त्यांत तुमचे मत कोणत्या पक्षाच्या उमेदवाराला आणि कोणत्या पसंतिक्रमाने जाईल? अपक्ष उमेदवाराकडून तर हे उत्तर आधी घ्यावे आणि बिंदू चौकातील सभेत वाचून दाखवावे. आमदाराची मतपत्रिका आजच्या नियमाप्रमाणे पक्षाच्या प्रतिनिधीला दिसते, मतदाराला दिसत नाही. निदान त्याचा शब्द तरी मतदाराजवळ लिहून ठेवलेला असावा.